ताट, वाटी, फुलपात्र : हाताने जाणण्याच्या एका शिल्पप्रकाराविषयी

महाराष्ट्रातील शिल्पकलेचा इतिहास लिहावयाचा म्हणजे लेण्यांपासून आरंभ करावा, मंदिरे व वीरगळ यांवरून पुढे जावे आणि पेशवाईतील लाकडी महिरपींपाशी थांबावे, असा एक क्रम आपल्याकडे रूढ झाला आहे. या क्रमात जी वस्तू काही अंतरावर उभे राहून पाहावयाची तिलाच शिल्पाचा मान मिळतो. जी वस्तू दिवसातून दोन वेळा हातात घेतली जाते, चिंचेने आणि राखेने घासली जाते व रात्री पालथी घातली जाते, ती मात्र ‘गृहोपयोगी साहित्य’ या एका सदरात जमा होऊन संपते. मराठी घरातील जेवणाची भांडी हा शिल्पाचाच एक प्रकार आहे, त्याचे ज्ञान डोळ्यांपेक्षा हाताला अधिक होते, आणि याच कारणामुळे तो आपल्या इतिहासलेखनातून निसटला, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी पुण्यातील एक संग्रह, एक आळी आणि एकेकाळचे कोथरूड हे गाव यांचा आधार घेतला आहे.

कोथरूडचा संबंध येथे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. पुण्याच्या पश्चिमेस, मुठेपलीकडे असलेल्या या गावी थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी स्वतंत्र महाल बांधविला. त्याचा काळ सामान्यतः इ. स. १७३४ हा सांगितला जातो. कर्वे रस्त्यावरील मृत्युंजयेश्वराच्या देवळाचा परिसर ही त्या महालाची जागा मानली जाते. १७४० साली बाजीराव व मस्तानी दोघेही गेली आणि महालाचे महत्त्व ओसरले. त्याचे अवशेष पुढे उतरविण्यात आले व शुक्रवार पेठेतील राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा जोडून उभे करण्यात आले. आज ‘मस्तानी महाल’ म्हणून जे दालन तेथे दाखविले जाते ते हेच. खांब, तक्तपोशी व महिरपी यांचे सांधे खुणा करून सोडविता येतात आणि दुसऱ्या जागी पुन्हा जुळविता येतात. म्हणून तो महाल कोथरूडहून पेठेत येऊ शकला. परंतु त्या महालात कोणते ताट मांडले जात होते, पाणी कोणत्या घाटाच्या भांड्यातून दिले जात होते, तांबूल कोणत्या तबकातून पुढे येत होता, याचे उत्तर त्या खांबांजवळ नाही. वास्तू आली, पंगत आली नाही.

ज्या गृहस्थांनी हे अवशेष जतन केले त्यांनीच पंगतीची साधनेही जमविली, हा योगायोग नव्हे. डॉ. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) हे ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. इ. स. १९२० च्या सुमारास त्यांनी जुन्या वस्तू गोळा करण्यास आरंभ केला. अल्पवयात निवर्तलेल्या आपल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी संग्रहालयाला दिले. पत्नी कमलाबाई यांचे या कार्यातील साहाय्य सर्वश्रुत आहे. संग्रह पुढे महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला व त्यातील वस्तूंची संख्या २०,००० च्या वर गेली. त्या काळी संग्राहकांचे लक्ष शस्त्रे, नाणी, चित्रे आणि कागदपत्रे यांवर होते. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्थापनेपासून (१९१०) पुण्यात दप्तरांचा जो अखंड शोध चालू होता त्याचे मोल कोणीही नाकारणार नाही. परंतु त्याच वाड्यांच्या माजघरांतून पडून असलेल्या दिव्यांकडे, अडकित्त्यांकडे, किसण्यांकडे, शेवयांच्या साच्यांकडे आणि पळ्यांकडे केळकरांइतक्या आस्थेने क्वचितच कोणी पाहिले. रुमालात बांधलेला कागद हे साधन, आणि फडताळातील गडू ही अडगळ, अशी ती विभागणी होती.

अडगळ म्हटल्यावर ‘मोड’ या शब्दाचा विचार करणे भाग आहे. मराठी भांड्याच्या इतिहासातील हा सर्वांत निर्णायक शब्द होय. तांब्यापितळेचे भांडे जुने झाले, पोचले, गळू लागले की ते कासाराकडे मोडीत द्यावयाचे, त्याचे वजन करावयाचे आणि मोडीचा भाव वजा करून नवे घ्यावयाचे, हा व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. भांडे हे जेवणाचे साधन होते तसेच ते घरातील ठेवही होते. सोने गहाण पडल्यानंतर पाळी भांड्यांची येत असे, आणि त्यातही पितळेच्या आधी चांदी जाई. याचा परिणाम असा की ज्या भांड्याची किंमत अधिक, तेच लौकर वितळले. राजघराण्यातील चांदीची ताटे पुष्कळशी नाहीशी झाली आणि दगडी कुंड्या, लाकडी काथवटी, लोखंडी पळ्या उरल्या. आपल्या हाती असलेला पुरावा असा उलटा निवडला गेलेला आहे. एखाद्या संग्रहातील भांड्यांवरून अठराव्या शतकातील श्रीमंत घराची कल्पना करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ही गोष्ट सतत ध्यानी ठेवली पाहिजे.

शब्द मात्र वितळत नाहीत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्न, पाणी व तांबूल यांना राजाच्या उपभोगांत स्वतंत्र स्थान दिले आहे. शिवकालात रघुनाथ पंडिताने सिद्ध केलेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त भोग्यवर्ग हा एक निराळाच वर्ग आहे. पेशवाईच्या कारखान्यांतील मुदपाकखाना आणि आबदारखाना ही नावे तर परिचितच आहेत. नावांची अशी समृद्धी आणि वस्तूंचे असे दारिद्र्य, यांमध्ये उभे राहून आपल्याला हा इतिहास लिहावयाचा आहे.

मातीचे भांडे मोडीत जात नाही, ते फुटते व फुटून जमिनीत राहते. म्हणून आपल्या प्रदेशातील सर्वांत जुनी भांडी आपल्याला पेशवाईतील भांड्यांपेक्षाही अधिक नीट माहीत आहेत, हा विरोधाभास मौजेचा आहे. प्रवरेकाठच्या जोर्वे येथे १९५०–५१ मध्ये आणि नंतर नेवासे येथे उत्खनने झाली. पुणे जिल्ह्यातील घोड नदीवरील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून १९८३ पर्यंत काम केले. इ. स. पू. १४०० ते ७०० या सुमाराच्या त्या वस्तीतून तांबूस, पातळ, काळ्या रेषांनी रंगविलेली भांडी निघाली. ती इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकी मारली असता धातूसारखा नाद उमटतो. कंबरेत मोड असलेले वाडगे आणि नळीसारख्या तोटीची भांडी हे त्यांतील दोन विशेष घाट. वाडग्याच्या कंबरेतील तो मोड बोटांना आधार देतो व त्याच वेळी त्याच्यावरच्या रेषांना एक कडा मिळवून देतो. येथे उपयोग कोठे संपला व शिल्प कोठे सुरू झाले, हे सांगण्याचा प्रयत्न निष्फळ आहे.

कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास सापडलेला काशाच्या वस्तूंचा साठा या दृष्टीने फार उद्बोधक आहे. त्यात रोमन घडणीची पोसायडनची एक लहान मूर्ती होती, आणि तिच्यासोबत रोमन सुरई व इतर भांडीही होती. इतिहासाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात मूर्तीचे चित्र छापले जाते. भांड्यांचा उल्लेख ‘इत्यादी’मध्ये होतो. वास्तविक व्यापाराच्या मार्गाने येथवर आलेली ती सुरई कोणाच्या तरी हातात दररोज होती. तिची मूठ, तिचे तोंड, ओतताना मनगटाला द्यावा लागणारा झोक, हे सारे त्या काळातील एका देहाला ठाऊक होते. मूर्तीविषयी इतके जिव्हाळ्याचे विधान आपल्याला करता येत नाही.

भांड्याच्या रूपाविषयी बोलू लागताच मराठी भाषा आपणहून देहाचे शब्द पुढे करते. घागरीला गळा असतो, कळशीला पोट असते, कढईला कान असतात, भांड्याला तोंड आणि बूड असते. मूर्तिकाराच्या परिभाषेहून ही परिभाषा वेगळी नाही. आणि हे केवळ अलंकरण नव्हे. विहिरीवरून आणलेली कळशी कमरेवर बसते ती तिच्या पोटाच्या गोलाईमुळे, आणि पोटावर गळा आखडलेला असतो तो कवेतील हाताला पकड मिळावी व चालताना पाणी हिंदकळू नये म्हणून. ज्या स्त्रियांनी ती रोज वाहिली त्यांच्या कमरेनेच तिचे माप ठरविले, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

जेवणाच्या भांड्यांचे घाट तीन गोष्टींनी ठरले : जमीन, उजवा हात आणि उष्ट्याचा विचार. जेवणारा पाटावर बसतो, ताट त्याच्यासमोर जमिनीवर अथवा चौरंगावर असते, आणि वाढणारा वाकून वाढतो. ताटाचा काठ म्हणूनच उभा पण बुटका. त्याच्या आड आमटीचा ओघळ थांबतो, पण भाताकडे जाणारे बोट अडत नाही. वाढण्याचा क्रम व जागा ठरलेल्या आहेत : वर मध्ये मीठ, डावीकडे लिंबू, चटण्या व कोशिंबिरी, उजवीकडे भाजी, मध्ये भात. ताट हे या रचनेचे पटल असते. मळलेल्या बोटांनी जेवावयाचे असल्यामुळे वाटीला कान वा मूठ लागत नाही. ती बाहेरून दोन बोटांत धरता यावी एवढा तिचा व्यास असतो आणि तळाशी तिच्या आतल्या बाजूला कोपरा नसतो, कारण शेवटचा घोट बोटाने निपटावयाचा असतो. चमच्याच्या संस्कृतीत वाटीच्या तळाचा वळसा एवढ्या काळजीने घडविण्याचे कारण पडत नाही. अन्नाची चव जिभेच्या आधी बोटांना कळते, आणि भांड्याची चवही तशीच.

पाण्याच्या भांड्यांत उष्ट्याचा विचार अधिक प्रभावी ठरला. तांब्यातून वा गडूतून ओठ न लावता वरून पाणी प्यावयाचे ही जुनी रीत. त्यासाठी धार एकसंध पडली पाहिजे, म्हणून तांब्याचा काठ बाहेर वळलेला व धारदार. फुलपात्राचे नावच त्याचा आकार सांगते : खालून निमुळते, वर उमललेले. काठ बाहेर वळविला की पातळ पत्र्याला ताठपणा येतो, हे कारागिराचे कारण. वळलेल्या काठाखाली अंगठा व तर्जनी आपोआप स्थिरावतात आणि ओले भांडे निसटत नाही, हे वापरणाऱ्याचे. आणि तांब्यावर फुलपात्र पालथे घातले की ते नेमके बसते व झाकणाचेही काम करते, हे घरातील गृहिणीचे. एका वळणात तीन माणसांचे मत सामावले आहे. शुचितेच्या या कल्पनांनी समाजात जी दुःखे निर्माण केली, वेगळे ठेवलेले भांडे व ओंजळीत वरून ओतलेले पाणी यांचा जो इतिहास आहे, तो या सुबक घाटांच्या मागेच उभा आहे. भांड्याच्या सौंदर्याचे वर्णन करणाऱ्याने तो झाकू नये. महाडच्या तळ्यावरील १९२७ चा सत्याग्रह हा अखेरीस पाणी कोणाच्या हाताने व कोणत्या पात्राने घ्यावयाचे याच प्रश्नाचा सत्याग्रह होता.

धातूंच्या बाबतीत स्पर्शाचे ज्ञान तर फारच सूक्ष्म होते. पितळेत आंबट पदार्थ ठेवला की तो कळकतो, म्हणून कल्हई. कल्हईवाला भांडे तापवून नवसागराची पूड टाकतो, कथिलाचा तुकडा फिरवितो आणि कापसाच्या बोळ्याने तो पांढरा रस आतून पसरवितो. कल्हई उडाल्याचे डोळ्यांना दिसण्यापूर्वी घासणाऱ्या हाताला कळत असे. चिंचेच्या सारासाठी आणि लोणच्यासाठी दगडी व चिनी मातीची भांडी निराळी. तांबे व कथील यांच्या मिश्रणाने होणारे काशे कठीण, नादमधुर आणि ठिसूळ असते. ताट व वाटी यांसाठी त्याला मान. काशाच्या वाटीने तूप लावून तळपाय घासण्याची चाल महाराष्ट्रात सर्वत्र होती. ज्या वाटीचा घाट ओंजळीतून आला तीच वाटी तळपायाच्या खळग्यात बसते. मानवी देहाच्या दोन टोकांना एकाच आकाराने स्पर्श करणारी अशी दुसरी वस्तू शोधून सापडणे कठीण. आपल्या कलासमीक्षेने या वाटीचा विचार केलेला नाही, याचे प्रस्तुत लेखकास नवल वाटते.

तांब्याचे काम करणाऱ्या कारागिरांची वस्ती पुण्यात कसबा पेठेतील तांबट आळीत आहे. पेशवाईत कोकणातून हे तांबट पुण्यास आले. त्यांना त्वष्टा कासार असेही म्हणतात. पत्रा कापावयाचा, तापवून नरम करावयाचा, मोगरीने व हातोडीने खोल करावयाचा, ठोकून कठीण झाला की पुन्हा तापवावयाचा, निरनिराळे भाग सांधावयाचे आणि शेवटी मठार द्यावयाचा, असा हा क्रम आहे. मठारकाम म्हणजे गुळगुळीत केलेल्या लोखंडी सळईवर भांडे चढवून चपट्या तोंडाच्या हातोडीने त्याच्या अंगावर ओळीने ठोके मारणे. प्रत्येक ठोक्याचा एक चकाकता ठिपका उमटतो. ठोके एकमेकांना भिडले पाहिजेत पण एकमेकांवर चढता कामा नयेत. घंगाळ वा हंडा पूर्ण होईपर्यंत असे हजारो ठोके पडतात. याने तांब्याचे कण घट्ट होऊन नरम पत्रा ताठ होतो व बारीकसारीक पोचे लपतात. प्रकाश ठिपक्याठिपक्यांनी फुटतो आणि ओल्या हाताला पकड मिळते. मठार ही नक्षी आहे की मजबुती, हा प्रश्न तांबटाला विचारल्यास त्याला तो समजणारही नाही. ठोक्यांचा नाद ऐकून काम कोठवर आले आहे हे आळीतील जाणत्याला न पाहता सांगता येते. या शिल्पाला डोळा आणि हात यांच्याबरोबर कानही लागतो.

आतापर्यंत ज्या भांड्यांचे वर्णन केले त्यांवर मानवी वा प्राण्यांची आकृती नाही. मराठी घराने जेवणाच्या ताटावर प्रतिमा सहसा येऊ दिली नाही. ती प्रतिमा जेवण संपल्यावर, विड्याच्या तबकापाशी येते. केळकर संग्रहातील अडकित्ते यासाठीच प्रसिद्ध आहेत. अडकित्ता म्हणजे एका टोकाला खिळलेले दोन दांडे व त्यांतील पाते, एवढेच यंत्र. परंतु त्या दोन दांड्यांचे कारागिराने घोडा आणि स्वार, राघू, मोर, आलिंगन देणारे स्त्री-पुरुष असे नाना प्रकार केले. संग्रहालयाच्या काचेमागे तो अडकित्ता बहुधा उघडा मांडलेला असतो किंवा मिटलेला असतो. कलाकृती मात्र या दोन अवस्थांच्या मधल्या क्षणात आहे. सुपारी ठेवून मूठ मिटली की दांडे जवळ येतात, युगुलाची मिठी पुरी होते आणि त्याच क्षणी सुपारी फुटते. हे नाट्य पाहणाऱ्याला अर्धेच कळते, कातरणाऱ्याला पुरते. पानसुपारीच्या बैठकीत हा अडकित्ता हातोहात फिरत असल्याने त्यातील चावट विनोद प्रत्येकाच्या तळहातात खाजगीपणे उलगडे, आणि तरीही तो सर्वांच्या समोरच असे.

याच कुळातील दुसरी वस्तू म्हणजे वसुदेवाचा पेला. पितळी पेल्याच्या मध्यभागी बाळकृष्णाला घेतलेला वसुदेव असतो. पाणी ओतीत जावे तसतशी यमुना चढते, आणि पाणी कृष्णाच्या पायाला लागताच पेला खालून आपोआप रिकामा होतो. मूर्तीच्या पोटात वाकडी नळी दडविलेली असते व वक्रनलिकेच्या तत्त्वाने सारे पाणी ओढले जाते. ग्रीकांकडे हाच प्रयोग लोभी मद्यप्याला शिक्षा म्हणून पायथागोरसच्या नावावर सांगतात. आपल्याकडे त्याच नळीने भागवतातील प्रसंग घडविला. भौतिकशास्त्र तेच राहिले, कथा बदलली. मुलांच्या हाती हा पेला दिला की ती पुन्हा पुन्हा पाणी ओततात, आणि संगमरवरी मूर्तीपुढे मूल इतका वेळ उभे राहत नाही.

हाताच्या या कलेकडे अन्य देशांनी कसे पाहिले याचा थोडक्यात उल्लेख उपयुक्त होईल. जपानमध्ये सोळाव्या शतकात चोजिरोने चाकाविना, नुसत्या हातांनी घडविलेले राकू वाडगे चहाच्या विधीत श्रेष्ठ कलाकृती ठरले. पाहुण्याने वाडगा दोन्ही हातांनी उचलावा, फिरवावा व त्याचे वजन अनुभवावे ही तेथील रसास्वादाची पद्धतच झाली. विसाव्या शतकात यानागी सोएत्सु यांनी अनामिक कारागिरांच्या रोजच्या भांड्यांचे तत्त्वज्ञान मांडले, आणि १९३६ मध्ये टोकियो येथे लोककलेचे संग्रहालय उघडले. मराठी घरात वाडग्याचे असे समारंभपूर्वक कौतुक कधीच झाले नाही. आपल्याकडे भांड्याची स्तुती करावयाची तर ‘चांगले जड आहे’ एवढेच म्हणतात. मात्र या दोन शब्दांत हाताचा निर्णय पुरता आलेला असतो.

आपल्या भांड्याचे जाहीर कौतुक परक्यांनी केले. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन अभिकल्पकांनी १९५८ मध्ये भारत सरकारला जो अहवाल सादर केला, त्यात त्यांनी या देशात पाहिलेल्या सर्व वस्तूंमध्ये लोट्याला अग्रस्थान दिले. लोटा कोणा एकाने रचला नाही, पिढ्यांनी रचला, असा त्यांचा आशय होता. तो हातात, कमरेवर, डोक्यावर कसा तोलला जातो, ओतताना कसा वाटतो, त्याचा आवाज कसा, आणि मोडीत त्याचे काय येईल, इतके प्रश्न त्यांनी विचारले. या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था उभी राहिली. त्यांना मोडीचे महत्त्व कळले होते याचे विशेष वाटते. परंतु एक गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटली, आणि ती म्हणजे लोट्यावर कोरलेले नाव.

भांड्यावर नाव घालून घेणे ही आपल्याकडची सार्वत्रिक रीत. टोच्याने वा छिन्नीने काठाखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरे उमटवितात. देणाऱ्याचे नाव, घेणाऱ्याचे नाव, नाते, निमित्त आणि पुष्कळदा तिथी वा तारीख. रुखवतातील, आहेरातील, मुंजीतील, वास्तुशांतीतील, उद्यापनातील भांड्यांवरील हे मजकूर म्हणजे घराघरातील शिलालेखच. ताम्रपट हे ज्या धातूवर कोरले गेले त्याच धातूवर हेही कोरले जातात. राजाने ब्राह्मणास दिलेल्या भूमीचा पट आपण संपादतो, ठसा घेतो, वाचनभेद नोंदवितो. मामाने भाचीस दिलेल्या कळशीवरील लेख वितळविण्यासाठी कासाराच्या तराजूत टाकतो. पहिल्यात बहुशः पुरुषांची वंशावळ येते. दुसऱ्यात स्त्रीचे नाव येते, कधी माहेरचे, कधी सासरचे, कधी दोन्ही. जुन्या काळातील मध्यमवर्गीय मराठी स्त्रीचे नाव जेथे टिकाऊ पदार्थावर लिहिले गेले अशा जागा फार नाहीत, आणि भांडे ही त्यांतील एक प्रमुख जागा होय.

या लेखांचा कालनिर्णय वाटतो तितका दुष्कर नाही. अधिकमासाचे उदाहरण घ्यावे. त्या महिन्यात जावयास तांब्याचे वा चांदीचे तामण, दिवा आणि तेहतीस अनारसे यांचे वाण देतात, आणि भांड्यावर ‘अधिक श्रावण’ असे महिन्याचे नाव घालण्याची पद्धत आहे. एकच महिना साधारणपणे एकोणीस वर्षांच्या अंतराने अधिक येतो, जसा श्रावण २००४ मध्ये व पुन्हा २०२३ मध्ये आला. तेव्हा वर्ष नसले तरी अक्षराचे वळण, उपाधी आणि भांड्याचा घाट यांवरून संभाव्य वर्षांतील एक निवडता येते. घासून घासून अक्षरे पुसट झाली असतील तर तीही एक प्रकारची नोंद आहे. देवघरातील भांड्यावर ठिपके जागच्या जागी राहतात, स्वयंपाकघरातील भांड्यावर ते नजरेला दिसेनासे होतात आणि बोट फिरविल्यावरच लागतात. येथे वाचन अक्षरशः स्पर्शाने करावे लागते. हातमोजे घालून वस्तू हाताळण्याचा जो नियम संग्रहालयांनी घालून घेतला आहे, तो धातूच्या रक्षणासाठी योग्य असला तरी या वाचनाला बाधक आहे.

या साधनांचा संहार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, आणि त्यात कोथरूड पुन्हा कथेत येते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले. मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील असंख्य घरांचे संसार वाहून नेले. जे उरले त्याची वाताहत सावकाश झाली. पेठांतील वाडे पडू लागले, कुटुंबे विभक्त झाली आणि विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मोठ्या संख्येने कोथरूडच्या नव्या सहनिवासांत राहावयास गेली. दोन-तीन खोल्यांच्या सदनिकेत हंडा, बंब, घंगाळ, पराती व पन्नास ताटे यांना जागा नव्हती. नळ घरात आल्याने कळशीची कमरेशी असलेली ओळख तुटली. पाटाऐवजी टेबल आले, त्याबरोबर जमिनीवरून वाढण्यासाठी घडलेले ओगराळे निरुपयोगी झाले. ॲल्युमिनियम विसाव्या शतकाच्या आरंभापासून येतच होते. पोलाद आले तेव्हा कल्हई नको, चिंच नको, कळकणे नाही, असा त्याचा लाभ निर्विवाद होता, आणि ज्या हातांना रोज भांडी घासावी लागत होती त्यांनी तो स्वीकारला याबद्दल हळहळण्याचा अधिकार न घासणाऱ्यांस नाही. बोहारणीने जुन्या कपड्यांवर पोलादी डबे दिले, कासाराने पितळ मोडीत घेतले. वाड्यातून सदनिकेत जाताना जे ओझे हलके झाले त्यात शेकडो घरांचे कोरीव लेख होते. अठराव्या शतकात जे गाव एका महालासाठी निवडले गेले, त्या महालाचे खांब संग्रहालयाने राखले. विसाव्या शतकात त्याच गावी आलेल्या घरांची भांडी कोणी मोजलीदेखील नाहीत.

काही उरली. कोथरूडच्या सज्जांतून आज घंगाळात तुळस किंवा शोभेची झाडे लावलेली दिसतात, आणि समईशेजारी मठारलेला हंडा उभा असतो. येथे भांडे प्रथमच केवळ पाहण्याची वस्तू झाले. दुसऱ्या बाजूला इंटॅक या संस्थेच्या पुणे शाखेने व काही अभिकल्पकांनी तांबट आळीतील कारागिरांबरोबर काम करून लहान आकाराची नवी भांडी घडवून घेण्यास आरंभ केला आहे : पेले, पाण्याचे तांबे, तबके, दिवे. त्यांना कलावस्तू म्हणून गिऱ्हाईक मिळते. त्यांवर मठार जाणून-बुजून ठळक ठेवलेला असतो, कारण तो हाताने केल्याची खूण म्हणून विकत घेतला जातो. जुन्या घंगाळावर मठार सर्वांगभर असे आणि त्याकडे कोणी बोट दाखवीत नसे. नव्या पेल्यावर तो बहुधा पट्ट्यापट्ट्यांनी येतो, बाकीचे अंग गुळगुळीत. हातोडी मात्र तीच आहे, आणि ठोका चुकला तर पेला पुन्हा भट्टीत जातो हेही तेच.

या नव्या पेल्यांच्या बुडाशी विक्रेत्याची मुद्रा असते, काठाखाली नाव नसते. आळीत आणि रविवार पेठेच्या भांडीबाजारात नाव घालून देणारे आता विजेच्या यंत्राने अक्षरे काढतात. ठिपक्यांऐवजी सलग ओरखडा उमटतो, आणि पोलादावर तो बोटाला जेमतेम लागतो.